घाटातली बाई आणि धुडकू आप्पा

भुतांचे सिनेमे काढणारा आणि रात्री आठ वाजता झोपणारा माणूस मी एकच पाहिला. त्यांचं नाव धुडकू आप्पा. त्यांची सगळी भुतं भर दुपारच्या उन्हात शूट होतात आणि नंतर कॉम्प्युटरवर निळी-काळी केली जातात. त्यामुळे पडद्यावर मध्यरात्र असते, पिंपळाखाली हडळ केस सोडून उभी असते आणि तिच्यामागे एक शेळी निवांत पाला खात असते. कुणी नाक मुरडलं तर आप्पांचं उत्तर तयार. "अंधार कॉम्प्युटरमा भेटस. नींद कोठे भेटस?"

मी विसरवाडीच्या शाळेत मराठी शिकवते. मूळची नाशिककडची. बदली होऊन आले आणि आप्पांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झाले. खाली त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग हा धंदा, आणि लग्नसराई संपली की भुतं. घरात ते एकटेच. मुलगा सुरतला, तो आठवड्याला फोन करून बोलावतो. आप्पा त्याला सांगतात की शूटिंग चालू आहे, सध्या जमायचं नाही. चालू नसलं तरी हेच सांगतात.

लग्नाचा हात भुताच्या सिनेमातही सुटत नाही. हडळ प्रकटली की पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. तिरडी उचलताना कॅमेरा जमलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावरून फिरतो, कारण कुणी राहून गेलं तर तो रुसतो. शेवटी हात जोडलेल्या चित्राखाली 'आपले नम्र' म्हणून अर्ध्या गावाची नावं येतात. असा सिनेमा पाहायला गाव लोटतं, पण घाबरत कुणी नाही. प्रेत झालेला माणूस मांडीवरचा डास मारतो तेव्हा तर टाळ्या पडतात.

गोष्टी मात्र आप्पा मनाने रचत नाहीत. विसरवाडीच्या फाट्यावर सुरतकडचे आणि धुळ्याकडचे ट्रक चहाला थांबतात. तिथल्या बाकड्यावर आप्पा संध्याकाळी बसतात आणि ड्रायव्हर लोकांकडून ऐकतात. प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असतो, "तू सोता दखं का?" स्वतः कुणीच पाहिलेलं नसतं. साडूच्या मित्राने पाहिलेलं असतं, नाहीतर मागच्या गाडीच्या क्लीनरने. आप्पा मान हलवतात आणि दुसरा चहा सांगतात.

त्या बाकड्यावर सगळ्यात जास्त चालायची ती घाटातल्या बाईची गोष्ट. धुळ्याच्या बाजूने घाट उतरताना एका वळणावर दिवेलागणीला पांढऱ्या साडीतली एक बाई हात करते. थांबलात तर तिथे कुणी नसतं. नाही थांबलात तर पुढे ब्रेक लागत नाहीत. तिचे पाय उलटे आहेत असंही म्हणायचे. गुजरातच्या ड्रायव्हरांशी ती गुजरातीत बोलते, अशी एकाने भर घातली होती.

तिच्यावर सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा आप्पा जिना चढून वर आले आणि म्हणाले की ती बाई मीच व्हायचं. मी विचारलं, गावात एवढ्या बायका असताना मीच का?

"भूत अहिरानी बोलनं ते कोन भिई? लोकेसले वाटी, मावशी येल शे," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "तुम्हनं मराठी आयकीसन शायना पोरे आत्तेपासून भितस."

शाळेतली पोरं मला भितात हे खरंच होतं. मी भूत झाले. पाय उलटे दाखवण्यासाठी आप्पांनी मला चपला टाचा पुढे करून घालायला लावल्या. त्या घालून मी वळणावर तीनदा पडले. तिसऱ्या वेळी एक टेम्पोवाला खरोखर थांबला आणि दवाखान्यात सोडू का म्हणून विचारू लागला. त्याचा तो काळजीचा चेहरा आप्पांनी तसाच सिनेमात ठेवला.

तो सिनेमा आप्पांच्या सगळ्या सिनेमांपेक्षा जास्त चालला. मोबाईलवरून मोबाईलवर फिरत पार नवापूर, साक्रीपर्यंत गेला. बाजारात बायका मला बघून हसायच्या. आप्पा तर हवेतच होते.

मग एका रविवारी दुपारी स्टुडिओच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असावी. अंगावर धुऊन धुऊन रंग उडालेली साडी. घाटाखालच्या एका पाड्यावरून चालत आली होती. घरी तिची कोकणा आदिवासींची बोली, पण आमच्याशी ती शब्द शोधत मराठीत बोलली. तिचं नाव वंतीबाई. तिने आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सिनेमातली ती मीच ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

"मी मेले नाही, बाई," ती म्हणाली. "माझा माणूस मेला."

तिचा नवरा त्या वळणावर गेला होता. जळणाची मोळी घेऊन रस्ता ओलांडत होता, वरून गाडी आली आणि न थांबता निघून गेली. कोणती गाडी ते कधी कळलं नाही. तेव्हापासून ती रोज दिवस मावळायच्या सुमारास वळणावर जाऊन उभी राहायची आणि गाड्यांना हळू चला म्हणून हात करायची. कुणी थांबलंच तर काय बोलावं ते तिला सुचायचं नाही, म्हणून ती झाडीत शिरायची. एवढीच घाटातल्या बाईची गोष्ट.

आता सिनेमा पाड्यावर पोचला होता. वळणावर रोज कोण उभं राहतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आधी लोक हसले. मग कुणाचं तरी वासरू मेलं आणि हसणं थांबलं. ती डाकीण आहे, करणी करते, असं बोलणं सुरू झालं. तिच्या हातचं पाणी बंद झालं, हंडा भरायला आली की बायका बाजूला होऊ लागल्या. खुद्द दिराने तिला गाव सोडायला सांगितलं होतं. आमच्या भागात या शब्दावरून काय काय होतं हे मला शाळेतल्या मुलांच्या तोंडून ठाऊक होतं. 

 कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग अर्धवट कापून ठेवलेलं होतं, ते आप्पांनी तसंच टाकलं. सिनेमा जिथून काढता येईल तिथून काढला. बाकीचा लोकांच्या मोबाईलमध्ये होता, तो कसा निघणार? मग त्यांनी कुलूप लावलं, ओळखीच्या जीपवाल्याला हाक मारली आणि आम्ही तिघं पाड्यावर गेलो.

पाड्याचे कारभारी म्हणून एक म्हातारे होते. ते मोहाच्या झाडाखाली बसले होते, भोवती माणसं जमली. आप्पांनी सगळं सांगितलं. हा सिनेमा आपण काढला, त्यातले पाय खोटे आहेत. मला पुढे करून त्यांनी चपला उलट्या घालून दाखवायला लावल्या, आणि मी चौथ्यांदा पडले. दोघं-तिघं हसले. पण कारभारी हसले नाहीत. सिनेमा खोटा असेल, ते म्हणाले, पण ड्रायव्हर लोक तर सिनेमाच्या आधीपासून बोलतात.

 आप्पा वंतीबाईकडे वळले आणि म्हणाले, "बहिन, भूक लागनी. काही शे का घरमा?"

वंतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. कित्येक दिवसांत तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. आत जाऊन तिने नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ आणली. आप्पा तिच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असे, मांडी घालून बसले. मीही बसले. आप्पांनी डाळ मागून घेतली, मिरची मागून घेतली, आणखी भाकरी मागितली. भोवतीची माणसं त्यांचा एकेक घास मोजत होती. शेवटी ते तिच्याच हंड्यातलं पाणी प्यायले, त्यांनी एक ढेकर दिला, डोक्याखाली टोपी घेतली आणि तिथेच आडवे झाले. आणि घोरायला लागले.

आता कुणाला उठून जाता येईना. हा माणूस उठतो की नाही, हे पाहिल्याशिवाय कोण जाणार? कारभारी आधी मोहाखाली होते, ते सरकत सरकत ओट्याजवळ आले. एका म्हातारीने वाकून आप्पांच्या नाकाशी हात धरला. त्या घोरण्यापुढे त्याची काही गरज नव्हती.

उन्हं कलली तेव्हा आप्पा उठले. इतकी माणसं पाहून क्षणभर गोंधळले, मग वंतीबाईला म्हणाले की चहा टाक. तिने कोरा चहा केला. आप्पांच्या हातात कप आला तेव्हा कारभाऱ्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि मलाही घोटभर दे, असं तिला म्हणाले. त्यानंतर आणखी काहींनी घेतला. सगळ्यांनी नाही. दीर लांबच उभा राहिला, आणि अजूनही तो तिच्या दाराशी येत नाही. पण गाव सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मला वाटलं, विषय संपला. पण पुढे आप्पा संध्याकाळी फाट्यावर दिसेनासे झाले. लग्न नसेल त्या दिवशी ते स्कूटर काढायचे आणि कुठे जातो ते सांगायचे नाहीत. मुलाचा फोन आला तर शूटिंग चालू आहे, हेच उत्तर.

मागच्या महिन्यात मी धुळ्याहून एसटीने परत येत होते. दिवस मावळत होता. घाटातल्या त्या वळणावर ड्रायव्हरने गाडी हळू केली, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला वंतीबाई हात करून उभी होती, आणि तिच्या शेजारी आप्पा, तसाच हात वर करून. गाडी पुढे गेल्यावर दोघंही हात खाली घेऊन काहीतरी बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात आप्पांना गाठलं आणि विचारलं, ती उभी राहतेच आहे, मग तुम्ही एवढ्या लांब कशाला जाता? आप्पा जरा लाजले. हातातल्या कॅमेऱ्याची काच पुसत राहिले.

"एकली बाईनी हात करा ते लोके भूत समजतस, मॅडम," ते म्हणाले. "दोन जन उभा ऱ्हायनात का मानसे वाटतस."