एकतीस अंशांचं उबदार गाव

सन १९७४च्या जानेवारीत उत्तर फिनलंडातल्या आमच्या कुइवाला नगरपालिकेने तापमानामागचं उणे चिन्ह एकमताने रद्द केलं. तसं ते आम्ही बोलताना कधी वापरतच नव्हतो. हिवाळ्यात कुणी ‘वीस आहे’ म्हटलं, की मुकाट्याने कानटोपी ओढायची. शून्याच्या खालीच असणार, त्यात सांगायचं काय? नगराध्यक्ष वेइक्को हाउटाला यांनी जनतेची सवय फक्त नियमात बसवली. शिवाय शेजारचं लेप्पा बारावर होतं आणि आम्ही एकतीसवर. बारापेक्षा एकतीस मोठे. चौकात ‘जिल्ह्यातलं सर्वांत उबदार गाव’ अशी पाटी लागली, खाली रोजच्या तापमानाचा आकडा.

मी तेव्हा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होते. तिथला खोल्या तापवणारा बॉयलर पेटवायचा नियम जुना आणि निर्दोष होता: तापमान पाचाच्या खाली गेलं की पेटवावा. पाटीवर एकतीस होते. नगरपालिकेचा माणूस आला आणि बॉयलर विझवून गेला.

आमच्या व्यवस्थापिका सायमीबाईंनी नगरपालिकेला फोन लावला. “साहेब, पेल्यांत कवळ्या गोठल्यात!”

“बाई, पाणी शून्याला गोठतं, एकतीसला नाही. पेले तपासून घ्या.”

नव्वदीच्या हिल्माआजीच्या पायाची बोटं निळी पडली. नगरपालिकेच्या डॉक्टरांनी पाटी पाहून उन्हाचा त्रास असल्याचं निदान केलं आणि थंड पाणी प्यायला सांगितलं.

“आधी ह्या डॉक्टरलाच पुरा गं,” आजी म्हणाली. “एकतीसात जमीन मऊ असेल.”

तळघरातल्या सौनाला, म्हणजे आमच्या तापत्या वाफेच्या खोलीला, मात्र कुठलाच नियम नव्हता. सौनाला नियम लावणारी नगरपालिका आमच्याकडे पुन्हा निवडून येत नाही. आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांना घोंगड्यांसकट तिथे हलवलं. पाळीपाळीने बायका आणि पुरुष.

एका संध्याकाळी दार वाजलं. नगराध्यक्षांच्या कचेरीलाही तोच नियम लागू होता.

“आजी, मी वेइक्को. जरा आत घ्या.”

“बायकांची पाळी आहे, मेल्या! आणि एकतीसात तुला सौना कशाला? अंगणात पसर, ऊन खा.”

“मरेन हो आजी!”

“मग चिन्ह लावून सांग, बाहेर किती आहे?”

दात वाजवत तो म्हणाला, “उणे... उणे एकतीस.”

“आणि लेप्पात?”

“उणे बारा.”

“ऊब कुठे जास्त?”

“लेप्पात,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

आम्ही पंचे गुंडाळले आणि त्याला खालच्या बाकावर घेतलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभेत सायमीबाईंनी विषय काढताच तो गंभीरपणे म्हणाला, “सौनातलं बोलणं सौनातच राहतं.” ही रीत मोडणाऱ्याला आमच्याकडे कुणी सौनात बसू देत नाही, आणि ऊब तर तेवढी तिथेच होती. बाईंनी विषय मागे घेतला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, पाटीवर चार आले. चार पाचापेक्षा लहान. बॉयलर तातडीने पेटवण्यात आला. आम्ही खिडक्या उघडून पंख्याने वारा घेत बसलो.

सायमीबाई त्याच वर्षी स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेल्या. हिल्माआजीची दोन बोटं कापावी लागली. आकडा लहान असल्याचं नगरपालिकेने कळवलं. ती आणखी तीन वर्षं जगली, शिव्या देत. वेइक्कोला प्रांताच्या प्रगतीचं खातं मिळालं. माझी कंबर वाकली, तरी हिवाळ्यात मी त्या चौकातून जाते. पाटी अजून आहे.

हसू नका. या गोष्टीचं नाव वाचलंत, तेव्हा एकतीसमागचं चिन्ह तुम्ही तरी कुठे विचारलंत?