एकुलता एक सायलेन्सर

मला गाड्यांमधलं कळतं! हे वाक्य आमच्या घरात मी एकटाच बोलतो, आणि तेही हळू आवाजात. तुम्ही काही आमच्या घरातले नाही, म्हणून तुमच्यापुढे मोठ्याने बोलून घेतो. सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक घेताना लोक काय बघतात? रंग बघतात, वेग बघतात, टाकीवर हात फिरवून खुळ्यासारखे हसतात. मी फक्त पासिंग बघितलं. दर वर्षी तपासणी केंद्रावर जाऊन गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असा शिक्का आणावा लागतो, आणि त्या तपासणीत हे मॉडेल आमच्या शहरात आजवर एकदाही नापास झालेलं नाही. एकदाही! जुन्या मालकाला विचारलं, तर तो "नापास? ही?" म्हणाला आणि मी त्याच्या आईबद्दल काही बोललो असल्यासारखा बघत राहिला. आणखी दोघा-तिघा मालकांना विचारलं. सगळ्यांचा चेहरा तोच.

घेतली.

आता बायको. बायकोला नदीपलीकडे, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारपासून हजर व्हायचं होतं. कामाची वेळ भल्या पहाटेची, आणि त्या वेळी तिकडे जायला बस नाही. म्हणजे एक तर मी तिला रोज नेऊन सोडायचं, नाही तर तिने तिकडेच खोली घ्यायची आणि सुट्टीला घरी यायचं.

"सुट्टीला येईन की," ती म्हणाली होती. तो सूर मला आवडला नाही. वर्षानुवर्षं न येणारे पाहुणे त्याच सुरात "येऊ की" म्हणतात.

म्हणून बाइक.

"स्कूटर का नाही घेतलीस?" तिने विचारलं.

"ही कधी नापास होत नाही!"

"आणि मी बसायचं कुठे?"

मागे सीट आहे हो! साबणाच्या वडीएवढी आहे आणि तोंड आकाशाकडे आहे, पण आहे.

"शनिवारी पासिंग करून आणतो. मग बघ!"

"बघू," ती म्हणाली, आणि बघितलं नाही.

(इथे आमच्या लग्नाबद्दल एक परिच्छेद होता. वाचून पाहिला. काढला.)

शुक्रवारी मिस्त्रीकडे जाऊन गाडी सुरू केली. शेजारच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलून बाहेर आला. मागोमाग अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं.

"हा आवाज घेऊन पासिंगला जाणार?" मिस्त्री ओरडला.

"त्यात काय? ही कायम पास होते!"

"गाडी नाही हो पास होत. सायलेन्सर पास होतो."

"कुठला सायलेन्सर?"

"कंपनीचा. ओरिजिनल."

"मग लावा की तो!"

मिस्त्रीने हात पुसले. वाईट बातमी सांगणारे डॉक्टर पुसतात तसे. "तो उद्या दातांच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांच्यानंतर तुमचा नंबर लावतो."

तर प्रकार असा होता. आमच्या शहरात ही बाइक घेणाऱ्या प्रत्येक शहाण्याने कंपनीचा सायलेन्सर पहिल्याच आठवड्यात भंगारात दिला आणि त्या जागी बोंबा मारणारा नळा लावला. एकाने तेवढा चुकून जपून ठेवला. आता ज्याचं पासिंग असेल, त्याच्याकडे तो सायलेन्सर, दोन आरसे आणि मागचा लाल दिवा एका पिशवीतून जातो. मी ज्या विक्रमावर भाळलो, तो त्या एका नळकांड्याचा होता! गाड्या नुसत्या त्याच्यामागून जात होत्या, मोठ्या साहेबामागून फायली घेऊन कारकून जातात तशा.

शनिवार. केंद्रामागची बोळ. दातांचे डॉक्टर पास होऊन बाहेर आले आणि आम्ही दोघं खाली बसलो.

"लवकर करा, तुमचं नाव पुकारतील."

"पाना द्या, मी काढतो."

"अहं, उपटायचं काम माझं!"

"डॉक्टर, तो गरम अस—"

"आई गं!!"

"—असेल."

"आधी नाही का सांगायचं?"

"आत्ता तुम्हीच चालवून आणलात ना!"

"अहो, हा हात मी लोकांच्या तोंडात घालतो! आता काय पाय घालू?"

शेवटी रुमाल गुंडाळून सायलेन्सर निघाला. माझ्या गाडीला लावताना एक नट घरंगळत गटारात गेला, म्हणून डॉक्टरांनी तिथे तार आवळली, ओढून पाहिली आणि सवयीने म्हणाले, "दोन तास काही खाऊ नका."

आत तपासणीचे साहेब होते. ते गाडीभोवती फिरले नाहीत. थेट मागे जाऊन उकिडवे बसले.

"या! पुन्हा आलात?"

"मी पहिल्यांदाच आलोय, साहेब."

"तुम्हाला नाही म्हटलं."

ते सायलेन्सरशी बोलत होते! त्याच्या पोटावर एक पोचा होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "आत्ता चहाच्या आधी पास केला ह्याला. परवाही केला. मागच्या महिन्यात तर बायकोपेक्षा जास्त ह्याचीच भेट व्हायची."

माझ्या डोळ्यांपुढे सोमवार आला, नदी आली, पलीकडची खोली आली.

"साहेब, घरी जरा नाजूक परिस्थिती आहे हो..."

"कुणाच्या नाही? हे बघा, जे लावलंय ते तपासायचं, असा नियम आहे. संध्याकाळपर्यंत लावलेलं राहतं का, हे तपासायचं यंत्र अजून निघालेलं नाही." त्यांनी शिक्का उचलला. "आणि आज ह्याला नापास केलं, तर इतके दिवस पास कुणी केलं असं विचारतील. मीच केलं! ह्या मॉडेलच्या निकालाबद्दल वरून माझं कौतुक झालंय."

ठप्प!

पास!

घरी निघालो तो मांजराच्या पावलांनी. काय तो आवाज! म्हणजे नव्हताच! एवढ्यात मागून हॉर्न. तशीच बाइक, वर काळा कोट. वकील! ह्याला शर्यत लावायचीय, असं मला वाटलं. आयुष्यात मला कुणी कधी शर्यतीत धरलं नव्हतं. पिळला कान गाडीचा! तो मागे, मी पुढे, वळणावर तो ओरडतोय, मी हात हलवतोय... आमच्या फाटकापाशी त्याने गाठलं.

"पळताय काय?" तो धापा टाकत म्हणाला. "पुढचा नंबर माझा आहे! सायलेन्सर द्या!"

आवाज ऐकून बायको दारात आली. तिने विचारलं काहीच नाही; पण वकीलच तो! पाना फिरवता फिरवता त्याने मूळ मालकापासून नटाच्या जागी आवळलेल्या तारेपर्यंत सगळी हकीकत तिच्यापुढे मांडली, वर म्हणाला, "वहिनी, इतकी एकी आजकाल बघायला मिळत नाही!"

"म्हणजे एक दिवस सगळं नीट लावायचं," बायको म्हणाली, "आणि शिक्का मिळाला की काढून टाकायचं."

"सगळेच करतात गं!"

"माझे बाबा राहायला यायचे, तेव्हा तू भांडी घासायचास. माझ्याशी हसून बोलायचास. मला दर वेळी वाटायचं, ह्या वेळी हे असंच राहील. ते रिक्षात बसले की तू हात पुसायचास."

वकील खाली वाकून नट मोजू लागला.

"पण पास झाली ना!" मी कागद पुढे केला.

"झाली ना. अभिनंदन," ती म्हणाली. खरंच म्हणाली, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. वकिलाने माझा नळा परत बसवला आणि पिशवी घेऊन पसार झाला. बायको आत गेली. बाहेर आली तेव्हा खांद्याला बॅग होती.

"खोली बघून ठेवलीय मी. सोमवारची धावपळ नको, आजच जाते. नेऊन पोचवशील?"

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं! कुठल्या तोंडाने? तिला नदीपलीकडे न्यायला म्हणूनच तर गाडी घेतली होती!

ती मागे बसली. पडू नये म्हणून तिला मला दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागलं. किती वर्षांनी! पुलावर आल्यावर मी बोललो. जे बोलायला हवं होतं, ते सगळं बोललो, एका वाक्यात.

"काय?" ती नळ्याच्या आवाजावर ओरडली. "काही ऐकू येत नाही!"

"काही नाही!" मी ओरडलो.

पूल संपल्यावर मोठा चढ आहे. जुनी गाडी, दोन माणसं, वर बॅग. निदान तिथे तरी बंद पडेल, थोडं ढकलावं लागेल, दोघांनी मिळून ढकलू, अशी मी आशा करत होतो.

एका दमात चढली. ठरल्यापेक्षा लवकरच पोचलो!