चिमटीतला विषाणू

पुन्हा तेच झालं होतं. ज्या गव्हाने हिरवंगार राहायचं तोच पांढराफटक पडला होता, आणि मॅडम काचघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"कोणी हात लावला? खरं सांगा, मी अजिबात रागावणार नाही!" हे त्या इतक्या रागाने म्हणाल्या, की लंबूच्या हातून पाण्याची झारी पडली. लंबू हा त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. नावाप्रमाणेच उंच, आणि मॅडमच्या शेजारी उभा राहिला की आणखीच उंच, कारण मॅडम त्याच्या खांद्याच्याही खाली यायच्या.

या काचेच्या खोलीत सगळा कारभार उलटा होता. एका विषाणूला माणसाळवायचं, त्याच्या पोटात गव्हाच्याच एका जनुकाचा तुकडा घालायचा आणि तो गव्हाच्या पानांवर चोळायचा. गहू विषाणूशी दोन हात करायला निघतो आणि त्या भरात आपल्याच जनुकाचं तोंड बंद करून बसतो. हिरवेपणा सांभाळणारं जनुक गप्प झालं की पान पांढरं पडतं, आणि मॅडमचा चेहरा खुलतो. मात्र शेजारी न चोळलेली रोपं हिरवी उभी असल्याशिवाय या पांढरेपणावर विश्वास कोण ठेवणार? नेमकी तीच रोपं पांढरी पडत होती. उद्या संस्थेचे संचालक पाहणीला यायचे होते. त्यांची खात्री पटली नाही, तर ही खोली शेजारी टोमॅटोवर संशोधन करणाऱ्यांच्या, म्हणजे टोमॅटोवाल्यांच्या, घशात जाणार होती.

पानं चोळण्यात मॅडमचा हात धरणारं कोणी नव्हतं. जोर जास्त झाला तर पान फाटतं, कमी झाला तर विषाणू आत शिरत नाही. मॅडमच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तागा चिमटीत धरून पोत सांगायची लहानपणची सवय आता गव्हाच्या कामी आली होती. हातमोजे कुंडीगणिक बदलायचे, असा त्यांचा कडक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची त्या बिनपाण्याने करायच्या.

"हे टोमॅटोवाल्यांचंच काम," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, वरच्या फळीवरची रोपं हिरवीच आहेत. आणि टोमॅटोवाले तर सगळे माझ्याएवढे उंच!"

"तू मध्ये फाटे फोडू नकोस. घरी जाताना खालच्या सगळ्या पानांवर लाल रंगाची पूड टाकून ठेव. उद्या ज्याचा हात लाल, तो चोर."

दुसऱ्या दिवशी संचालक आले ते नवा कोरा कोट घालून. मॅडमनी हातमोजे चढवले आणि जीव तोडून समजवायला सुरुवात केली. विषाणू काय करतो, जनुक कसं गप्प होतं, टोमॅटोपेक्षा गहू का महत्त्वाचा, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. मग सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"हात पुढे करा!"

सगळे हात स्वच्छ. लंबूचे, सफाईवाल्या मावशींचे, अगदी चौकशीला म्हणून डोकावलेल्या टोमॅटोवाल्याचेही. मॅडम हिरमुसल्या. एवढ्यात त्यांची नजर संचालकांच्या बाहीवर गेली.

"अगं बाई! साहेब, तुमच्या कोटाला हे काय लागलंय?"

बाहीच्या वर अंगठ्याचा आणि खाली बोटाचा, असे दोन लालभडक ठसे उमटले होते.

"मघाशी तुम्हीच बघितलंत ना?" संचालक म्हणाले. "कापड चांगलं आहे म्हणालात."

मॅडमनी सावकाश आपला हात वर केला. हातमोज्याची चिमटी लाल होती. बोलता बोलता त्या पांढरं पान कौतुकाने चोळत होत्या, आणि मग त्याच हाताने शेजारच्या, न चोळायच्या रोपाचं. त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, चोर मीच," त्या म्हणाल्या. "खोली द्या टोमॅटोला."

संचालकांनी वर पाहिलं. "वरची फळी कशी काय हिरवी?"

लंबू अडखळला. "सर, तिथे... तिथे मॅडमचा हात पोचत नाही."

संचालक इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "मग ती न चोळलेली रोपं! मॅडमचा हात लागला ती पांढरी, नाही लागला ती हिरवी. आणखी काय पुरावा हवा? खोली तुमचीच."

टोमॅटोवाल्याने काढता पाय घेतला. लंबू मात्र कुंड्यांमध्ये वाकून काहीतरी बघत होता. "सर, एक गंमत आहे. मुद्दाम चोळलेल्यांतली काही हिरवीच राहिलीत. पण नकळत चोळलेलं एकही सुटलेलं नाही."

"मॅडम," संचालक उठत म्हणाले, "यापुढे लक्ष देऊन काम करणं बंद करा."

लंबूने ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेपासून मॅडम चोळायला बसल्या, की तो हळूच विचारायचा, "घरी सूनबाई काय म्हणतायत?"

"काय म्हणणार! ओला टॉवेल गादीवर. पंखा चालू ठेवून बाहेर. आणि काही बोलायची सोय नाही, लगेच तोंड एवढंसं!" मॅडमची जीभ सुटायची आणि चिमटी आपोआप पानांवरून धावायची. एकूण एक रोप पांढरंशुभ्र. त्यांचं संशोधन छापून आलं आणि शेवटी आभारांमध्ये लंबूने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की मॅडमच्या सूनबाईंच्या सहकार्याशिवाय हे काम होणं शक्य नव्हतं.

सूनबाईंनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आई, तुम्ही माझे आभार छापलेत? मी तर काहीच केलं नाही!"

मॅडमनी तिला जवळ घेतलं, आणि घेतल्यावर त्यांना खरोखरच बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल दोरीवर दिसू लागला, पंखा बंद होऊ लागला आणि संध्याकाळी मॅडम घरी पोचण्याआधी चहा तयार असायचा.

पुढच्या खेपेला लंबूने विचारलं, "मॅडम, सूनबाई काय म्हणतायत?"

"सोनं आहे रे पोरगी, सोनं!" असं म्हणून मॅडमनी एकेक पान अगदी मन लावून चोळलं.

त्या खेपेचा गहू निम्मा हिरवागार राहिला.