कवडूभाऊंचा टायगर

आमच्या शेजारचे कवडूभाऊ रोज सकाळी तळहातावर धानाचा कोंडा घेऊन अंगणात उभे राहायचे आणि त्याला "टायगर" म्हणायचे. कोंडा उडाला तर उच्चार बरोबर. युक्ती माझीच. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. या शब्दाच्या सुरुवातीला इंग्रज माणूस जरा श्वास सोडतो, एवढंच सांगायला गेलो आणि रोज डोळ्यांत कोंडा घेऊन बसलो. भाऊंनी मूल गावच्या राईस मिलमधून पोतंभर आणून ठेवला होता. वर लबाडीही करायचे. हळूच फुंकर मारायचे. मी पकडलं की हसून म्हणायचे, "जमते जी, जमते."

पंचावन्नाव्या वर्षी या गृहस्थांना जंगलात गाईड व्हायचं होतं. तोंडी परीक्षा होती. झाडं, पाखरं सगळी पाठ. गाडी अडली ती या एका शब्दावर.

"अहो, मराठीत सरळ वाघ म्हणा आणि मोकळे व्हा," मी एकदा वैतागून म्हणालो.

भाऊंचा चेहराच उतरला. "नाव नोका घेऊ गुरुजी."

आमच्याकडे जुनी माणसं त्याला मामा म्हणतात. नाव घेतलं की तो येतो म्हणे. कवडूभाऊंच्या घरावर तर तो घाला घालूनच गेला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी पार्बताबाई मोहफुलं वेचायला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. हे ठाऊक असून मी बोलून गेलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"मग हेच काम कशाला हवं तुम्हाला?"

"पार्बता गेली ते जागा आता बंद केली ना जी. गाईड सोडला तं गावच्या मानसाले आत जाऊ देत नाई. मले तिथी जाचं हाये."

त्यानंतर मी कोंड्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

भाऊ पास झाले. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तेव्हा मी विचारलं, "काय, दिसला का पाहुण्यांना मामा?"

"नाई. पन तिच्या मोहाच्या झाडापाशी गाडी आली, तं सारे बोलून राह्यले होते. फोटो काय, हासनं काय. मी ओठावर बोट ठेवलं अन् म्हटलं, टायगर."

"होता तिथे?"

"कोनी नोहोतं गुरुजी. पन सारे एकदम चूप झाले. मले तिच्यापाशी जरासं चूप बसाचं होतं."