लग्नाचा सूट आणि सोळास नऊ

रविवारी सकाळी सासऱ्यांनी शिलाई मशीनवर चादर घातली, तेव्हा घरात कोणाला काही वाटलं नाही. धूळ बसते, माणूस चादर घालतो. पण दुपारी त्यांनी कात्री कपाटात ठेवली, खडूचे तुकडे डबीत भरले आणि गळ्यातली टेप काढून, नीट गुंडाळून, जावयाच्या पुढ्यात ठेवली. ती टेप गेली पन्नास वर्षं त्यांच्या गळ्यात होती. गळा उघडा पडल्यावर ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"संपलं, जावईबापू," ते म्हणाले. "आता या हातांनी शिवणं नाही."

जावई सोफ्यावर आडवा होता. तो लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घ्यायला बसायचा. आठवडाभर अडकलेले लोक त्याला फोन करून ओरडायचे आणि तो "माणूस निघालाय" एवढंच सांगायचा. रविवारी त्याला कोणाचंही काहीही ऐकायचं नसे. पण हे ऐकणं भाग होतं, कारण मशीनखाली त्याच्या मुलीचा कोट कापून पडला होता आणि पुढच्या सोमवारी मुलगी पहिल्यांदा नोकरीवर रुजू होणार होती. कोट आजोबांच्याच हातचा घालणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

हे सगळं घडलं आदल्या संध्याकाळच्या हौसेपायी. घरात जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडून होत्या. जावयाच्या बायकोने त्या एका दुकानात देऊन त्यांच्या तेवीस फाईली करून आणल्या आणि स्वतःच्या लग्नाची फाईल टीव्हीवर लावली. पाहतात तर काय, सगळं गोत आडवं सुटलेलं! काका म्हणजे कपाट, मावशी म्हणजे दोन मावश्या. नवरी रुंद, नवरा त्याहून रुंद, आणि नवऱ्याच्या कोटाचं मधलं बटण जीव मुठीत धरून उभं.

"तेव्हा सगळे खाऊनपिऊन सुखी होते," बायको हसत म्हणाली.

सासरे हसले नाहीत. तो सूट त्यांनी शिवला होता. उभ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणून सव्वीस वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कौतुक सांगितलं होतं. त्यांनी उठून जुनी मापवही काढली, जावयाचं पान शोधलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं आणि वही मिटली.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे कात्री चुकली. एवढा ओढलेला कोट घालून मी पोराला चारचौघांत उभा केला. आणि वर कौतुक सांगत फिरलो."

सोमवारी जावयाने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. त्याने न बघताच निदान केलं. जुनी चित्रं चारास तीन, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, आताचे टीव्ही सोळास नऊ, आणि दुकानदाराने टीव्ही भरावा म्हणून चौकोनी चित्र आडवं ताणून ठेवलेलं. जावयाला हायसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या तक्रारीचं उत्तर त्याच्याकडे होतं.

"बाबा, तुमची काही चूक नाही," घरी येऊन तो म्हणाला. "टीव्हीचं चित्रच चुकलंय."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं मी कधी म्हटलं नाही," सासरे म्हणाले. "गिऱ्हाईकाचं पोट वाकडं, असंसुद्धा म्हटलं नाही. आता टीव्ही वाकडा म्हणू?"

मग जावयाने हात दाखवून अवलक्षण केलं. रिमोट घेतला, टीव्हीच्या मेनूत शिरला आणि चित्राचा आकार बदलायचं बटण दाबलं. पहिल्या दाबाला सगळी वऱ्हाडी मंडळी जवळ आली आणि त्यांची डोकी उडाली. दुसऱ्या दाबाला डोकी परत आली, पण पाय गेले. तिसऱ्याला चित्र आक्रसलं आणि सगळे बरे दिसू लागले.

"बघा! आता?"

"एका बटणावर माणूस जाड, एका बटणावर बारीक," सासरे शांतपणे म्हणाले. "चौथं दाबलंत तर माझे केसही परत येतील. याला पुरावा म्हणत नाहीत, जावईबापू."

बायकोने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "अहो, फाईलच सरळ करा ना. मुळातच दुरुस्त झालं की बाबांना पटेल. शनिवारपर्यंत करा, म्हणजे रविवारी कोट शिवून होईल."

"तेवीस फाईली आहेत."

"तुमच्या पोरीचा कोट एक आहे."

मंगळवारपासून तो ऑफिसातून आला की चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसू लागला. एका फाईलला पाऊण तास लागायचा. पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायची आणि अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर विचारात पडायची. मधूनच बायको विचारायची, "झालं का?" आणि सवयीने त्याच्या तोंडून निघायचं, "माणूस निघालाय." शुक्रवारपर्यंत त्याने बारशी, सहली, शाळेची गॅदरिंगं आणि कोणाच्या तरी गच्चीवरचा तासाभराचा अंधार, सगळं चारास तीन केलं. डोळे लाल झाले, मान धरली, पण तेवीसच्या तेवीस फाईली सरळ झाल्या.

शनिवारी दुपारी त्याने सासऱ्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि लग्न लावलं. पडद्यावर वेळूचं बन उभं राहिलं. काका काठी, मावशी सुतळी, नवरानवरी दोघंही महिनाभर उपाशी ठेवल्यासारखे. नवऱ्याची पँट लांबच लांब दिसत होती.

"मागच्या शनिवारी मी आखूड आणि घट्ट शिवला होता," सासरे म्हणाले. "आज लांब शिवलाय. निदान हात बसत चाललाय म्हणायचं."

जावयाने डोक्याला हात लावला. सोमवारी रिमोटने आक्रसलेलं चित्र त्याने टीव्हीवर तसंच ठेवलं होतं, आणि आता फाईलही आक्रसलेली. एकच कापड दोनदा आटलं होतं. आठवडाभर टीव्ही कोणी लावलाच नव्हता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हे सासऱ्यांना कसं समजवायचं, या विचारानेच त्याला दमायला झालं.

सासरेच उठले. गेल्या रविवारपासून टेबलावर पडलेली टेप त्यांनी उचलली, टीव्हीपाशी गेले आणि नवरीच्या मागे भिंतीवर दिसणाऱ्या घड्याळाला लावली.

"आडवं सव्वादोन इंच, उभं तीन. हे घड्याळ माझ्या दुकानातलं. त्या दिवशी हॉलमध्ये मीच नेऊन टांगलं होतं. ते गोल आहे. घड्याळ मी शिवलेलं नाही, त्यामुळे त्यात माझी चूक असणार नाही. दाबा बटण. ते गोल होईपर्यंत दाबत राहा."

जावयाने बटण दाबलं. सासऱ्यांनी मापलं. "अजून नाही." पुन्हा दाबलं. "डोकी गेली. पुढे." पुन्हा दाबलं. "आडवं तीन, उभं तीन. थांबा."

चित्र थांबलं. घड्याळ गोल होतं. त्याच्या खालीच सासूबाई उभ्या होत्या, जाऊन सात वर्षं झालेल्या. त्या ना रुंद होत्या ना काठी. सासरे बराच वेळ टेप हातात धरून पाहत राहिले.

"अशीच होती," ते म्हणाले. बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि जावयाला वाटलं, सुटलो बुवा.

पण व्हिडिओ पुढे सरकला. नवरा समोर आला, चांगला मापात आणि आकारात, आणि त्याच्या कोटाचं मधलं बटण तसंच जीव मुठीत धरून उभं होतं. बटणापासून दोन्ही बाजूंना चुण्या पसरल्या होत्या. सासऱ्यांनी त्या पाहिल्या. मग त्यांनी टेप पुन्हा गुंडाळायला घेतली.

"चित्र सुधारलं," ते म्हणाले. "कोट तसाच आहे. पोरीला सांगा, बाहेरून विकत घे."

जावयाला एक गोष्ट ठाऊक होती. खरं तर ती तो सव्वीस वर्षांत एक दिवसही विसरला नव्हता, कारण त्या सुटात त्याला लग्नाचं जेवण उभ्याने जेवावं लागलं होतं. आता ती सांगितली तर लाज जाणार होती. न सांगितली तर म्हाताऱ्याची मशीन जाणार होती. ती गुंडाळली जाणारी टेप त्याला बघवेना.

"बाबा, माप चुकलं होतं," तो म्हणाला.

सासऱ्यांनी मान वर केली. "माझं माप?"

"माझं. म्हणजे, तुम्ही माप घेत होता ना, तेव्हा ही दुकानाच्या दारात उभी होती. तुमचा डबा घेऊन. माझ्याकडेच बघत होती. मग मी... पोट आत घेतलं."

सासऱ्यांनी वही उघडली, पान काढलं, चष्मा वर केला.

"पोट बत्तीस. पुढे माझ्या हातचं 'अधिक दोन'. दोन इंच जास्तच धरले होते मी. नवरामुलगा पोट आत घेतोच, सगळेच घेतात." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही किती घेतलं होतं?"

"होतं तेवढं सगळं," जावई म्हणाला.

बायको ताडकन उठली. "म्हणजे मी पसंत केलं ते आत घेतलेलं? अहो, सव्वीस वर्षं मी समजतेय की माझ्या हातचं खाऊन तुमचं पोट सुटलं! सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय मी!"

"तुझ्या हातचंही आहे त्यात," तो घाईघाईने म्हणाला. "वरचं सगळं तुझंच."

सासरे मात्र हसत होते. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. हसता हसताच त्यांनी टेप गळ्यात टाकली, आतल्या खोलीत जाऊन मशीनवरची चादर ओढली आणि नातीच्या कोटाचे तुकडे फळीवर मांडले. पाच मिनिटांत मशीनचा आवाज सुरू झाला. जावई सोफ्यावर आडवा झाला. एक सबंध आठवडा त्याने साऱ्या गोतावळ्याची रुंदी कमी करण्यात घालवला होता, आणि आता खरोखर रुंद म्हणून घरात तो एकटाच उरला होता. त्याने डोळे मिटले.

"जावईबापू!" मशीन थांबली. "कपाटातून तो सूट घेऊन या. शिवणीत कापड ठेवलंय मी, सैल करून देतो. सोमवारी पोरीला पोचवायला घालून जा."

तो उठला. न उठून सांगतो कोणाला? सासऱ्यांनी त्याला खिडकीपाशी उभं केलं आणि पोटाभोवती टेप फिरवली. बायको मुद्दाम दारात येऊन उभी राहिली.

"आता फसवायचं नाही," सासरे म्हणाले. "श्वास सोडा."

"सोडलाय, बाबा."

सासऱ्यांनी टेपवरचा आकडा पाहिला. मग शिवणीतलं कापड चिमटीत धरून पाहिलं. मग पुन्हा आकडा पाहिला.

"मग," ते हळूच म्हणाले, "धरा थोडा."