समुद्राचा एक्स-रे

लांजेवार सर चहा पिण्याआधी त्यात थर्मामीटर बुडवत. प्रयोगशाळेतला, लांब काचेचा. कुणी म्हणालं, "आज चहा थंडच आहे," की सर विचारत, "मोजला का?" वैनगंगा, शाळेचा रांजण, पाहुण्यांसाठी आणलेलं सरबत, कशातच ती नळी घालायची त्यांनी बाकी ठेवली नव्हती.

भंडाऱ्याच्या त्याच शाळेत मी गणित शिकवत होते. सर रसायनशास्त्राचे, मूळचे लाखांदूरकडच्या दिघोरीचे, भंडाऱ्यात एकटेच राहायचे. मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय, म्हणून ऐंशीच्या सुमारास त्यांनी नारळाएवढा एक पांढरा, खडबडीत गोळा स्टाफरूममध्ये माझ्यापुढेच ठेवला.

"मॅडम, यादी करा. या दगडाकडून समुद्राचं तापमान काढायचं आहे."

तो गोळा म्हणजे अंदमानच्या एका खाडीतलं प्रवाळ. सरांनी समजावलं ते असं: इवलेसे जीव समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन आपला सांगाडा बांधतात. दरवर्षी एक थर, खोडातल्या कड्यांसारखा. कॅल्शियमबरोबर थोडं स्ट्रॉन्शियमही आत जातं. पाणी थंड असेल तर जरा जास्त, उबदार असेल तर कमी. दोन्हींचं प्रमाण काढलं की त्या वर्षी पाणी कसं होतं ते कळतं. सरांना सगळे थर नको होते. बाहेरचे सहा. त्या सहा वर्षांत खाडीचं पाणी कोमट होतं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

हेडमास्तर हसले. "लांजेवार, तिकडचं पाणी कोमटच असते. भूगोलाच्या पुस्तकात आहे."

"पुस्तकातला समुद्र सरासरीचा, सर. मले त्या खाडीचा पाहिजे."

"अन् आपल्या जिल्ह्यात समुद्र कुठं आहे?"

"म्हणूनच तं दगडाले विचारून राहिलो!"

यादीत पहिलं काम होतं कापणं. पितळी भांडी घडवणाऱ्या एका कारागिराकडे आम्ही गेलो. त्यानं गोळा फिरवून फिरवून पाहिला. "सर, याची घागर नाही होत."

"घागर नको. पोळीएवढी जाड चकती काढून दे. अन् हळू काप, गड्या. मोठ्या नाजूक जिवाचं आहे ते."

दुसरं काम एक्स-रे, कारण थर नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं वर न पाहताच पावती पुस्तक उघडलं. "पेशंटचं नाव?"

"पोवळं."

"बाई का माणूस?"

"लिहा काहीही."

"वय?"

"तेच पाहायले आलो ना, बापू!"

फिल्मवर खरोखरच पट्टे उमटले. एक फिका, एक गडद. त्या आधारानं सरांनी चकतीवर खुणा केल्या आणि बारीक कानशीनं एकेका वर्षाची भुकटी खरवडायला घेतली. याला तीन महिने लागले. पंखा बंद, बोलणं बंद, माझं शिंकणंही बंद. इंजेक्शनच्या सहा रिकाम्या बाटल्या मी उकळून घेतल्या आणि चिठ्ठ्या चिकटवल्या.

पण मोजणार कोण? शाळेत होते लिटमस आणि बुन्सेन बर्नर. सरांनी मोठ्या प्रयोगशाळांना पत्रं लिहायला सुरुवात केली. मी वहीत दोन रकाने आखले: पाठवलं, उत्तर. पहिला भरत गेला, दुसरा कोराच. एकदा आलं, तेही नकाराचं: शालेय प्रकल्पांसाठी आमच्याकडे सोय नाही. सर म्हणाले, "ठीक आहे. पुढचा पत्ता सांगा."

अकराव्या पत्राला कुणा तरुण शास्त्रज्ञाचं उत्तर आलं. बाटल्या पाठवा, सोबतचा कागद भरा. भरायला अर्थातच मी बसले. ठिकाण, खोली, काढल्याचा महिना, सगळं सरांना तोंडपाठ.

"गोळा करणाऱ्याचं नाव?"

"केशव लांजेवार."

"सध्याचा पत्ता?"

सर बाटलीचं बूच फिरवत म्हणाले, "तिथं रेघ मारा, मॅडम. लहान भाऊ होता माझा."

केशव जंगलखात्यात लागून अंदमानला गेला होता. सहा वर्षं राहिला. तापानं गेला. इकडे तार पोचली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. मागाहून ट्रंक आली. आत कपडे आणि हा गोळा. शेवटच्या महिन्यात त्यानंच तो खाडीतून काढला होता, असं सोबतच्या माणसानं कळवलं.

"दर पत्रात एकच लिहे," सर म्हणाले. "दादा, इथलं पाणी आपल्या शेतातल्या बोडीच्या पाण्यावानी कोमट आहे, रोज पोहतो. जेवण मस्त आहे. माणसं चांगली आहेत. तू फिकर नको करू." त्यांनी बूच घट्ट दाबलं. "लहानपणी पायात काटा मोडला तरी काही नाही म्हणे तो, मॅडम. मी रागवीन म्हणून. आता त्याचं कोणतं खरं धरू? जेवण थोडीच मोजता येते? पाणी तेवढं मोजता येते."

मी रेघ मारली आणि पार्सल शिवलं.

उत्तर यायला पावसाळा उलटला. लिफाफा मीच शाळेच्या व्हरांड्यात त्यांच्या हातात दिला. आत सहा ओळी होत्या आणि खाली शेरा: सहाही वर्षं पाणी उबदार, फारसा फरक नाही. सरांनी तो कागद दोनदा वाचला. घंटा झाली. मुलं वर्गात गेली. सर तिथंच उभे.

"खरं लिहीत होता, मॅडम," ते म्हणाले. "मंग जेवणबी बरंच असन त्याचं. माणसंबी."

मी खडू उचलला आणि त्यांच्या नववीच्या तासाला गेले.