दोन मिनिटांची शांतता

शिक्षणखात्याने दूरस्थ विद्यार्थ्यांचे सर्व संगणक रविवारी अद्ययावत केले आणि सोमवारी लोर्ना पास्कोच्या संगणकाचा आवाज गेला.

लोर्नाचं घर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडातल्या गुरांच्या कुरणात. जवळची शाळा पाचशे किलोमीटरवर, म्हणून तिची आठ वर्षांची मुलगी ईडी संगणकासमोर बसूनच शिके. तिच्या वर्गाचे तास सोमवारी, मंगळवारी आणि शुक्रवारी असत. आता तिच्या शिक्षिका हॉलिसबाई पडद्यावर नुसतेच ओठ हलवीत, ईडी नम्रपणे मान डोलावी आणि हजेरीत नोंद होई : 'प्रतिसाद नाही'. अशा तीन नोंदी झाल्या की मुलीला शहरातल्या वसतिगृहात पाठवण्याची शिफारस आपोआप निघे. मंगळवारपर्यंत दोन झाल्या होत्या.

लोर्नाने मदतकेंद्राला फोन लावला.

"आवाज येतोय की," तिकडून ब्रेंट म्हणाला. "मला इथे दिसतंय. तो पडद्यातून बाहेर पडतोय."

"पडद्याला स्पीकरच नाही!"

"तो पडद्याचा प्रश्न. आम्ही फक्त आवाज बघतो."

"मग वळवा ना तो स्पीकरकडे."

"ती सोय सुरक्षिततेसाठी बंद आहे. उघडायला बिघाड सिद्ध व्हावा लागतो. आवाज येत नसल्याचं ध्वनिमुद्रण पाठवा. दोन मिनिटांचं."

लोर्नाने पंखा थांबवला, फ्रिज बंद केला, नवऱ्याला, कीथला, कुत्र्यासकट शेडमध्ये पिटाळलं आणि फोनवर शांतता मुद्रित करून पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'एक मिनिट बाराव्या सेकंदाला आवाज आढळला. तक्रार निकाली.'

तो व्हरांड्यातला काकाकुवा होता.

"मेल्याला तेव्हाच ओरडायचं होतं!"

"अगं, त्याला काय माहीत सरकारी काम चाललंय ते," कीथ शेडमधून म्हणाला.

मग तिने हॉलिसबाईंना गाठलं. "फोनवरच घ्या ना तिचा तास."

"हजेरी मी कुठे लावते? संगणक लावतो. त्याच्या माइकात उत्तर पडलं तरच पोरगी हजर."

"माइक चालतोय?"

"उत्तम. परवा तू खात्याबद्दल जे काही बोललीस, ते सगळ्या वर्गाने ऐकलं."

शुक्रवारी ईडीचे केस मोकळे सोडले होते. डाव्या कानावरच्या केसांखाली फोन होता. हॉलिसबाईंनी फोनमध्ये सात आठे विचारले, ईडीने संगणकाला छप्पन्न सांगितले. नोंद झाली : 'हजर'. लगेच चौकट उघडली : 'तुमची समस्या सुटली का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'हो, आभारी आहे'. दाबल्याशिवाय हजेरी जतन होत नव्हती. लोर्नाने दुसरं दाबलं. तीही तुमच्या-आमच्यासारखीच सभ्य होती.

पुढच्या सोमवारी दोन्हीकडून बोलायच्या रेडिओवर नव्वद किलोमीटरवरची शेजारीण जॉइस टली आली. हा रेडिओ सगळा मुलूख ऐकतो. खात्याचे निरीक्षकही, गाडीत बसून.

"लोर्ना, आमच्या टोबीच्याही दोन झाल्या गं. खातं म्हणतं, पास्कोंकडे हीच प्रणाली व्यवस्थित चाललीय, तेव्हा बिघाड नाहीच. तू केलंस तरी काय?"

लोर्नाने ईडीकडे पाहिलं. ती तासासाठी केस सोडत होती.

"काही नाही गं," लोर्ना म्हणाली. "आमचं आपोआप सुरू झालं. तुझंच काहीतरी चुकत असेल. एकदा बंद करून परत चालू करून बघ."